पेन्सिलीच्या चार रेघा

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळी आकडेमोड करते ती. तुम्ही मला प्रोसेसर म्हणता. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका, मला ते खपत नाही. अहिल्यानगरला सावेडीत स्टीफनचा व्हिडिओ स्टुडिओ आहे, त्याच्या खालच्या खणात मी पडलेली असते. शेजारी तुटके माऊस आणि गंजके स्क्रू. त्यांच्याशी काय बोलणार? म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. चिनीमातीची जांभळट पाटी आणि मध्ये नखाएवढा काळा चौकोन, असं माझं रूप. तिथे आम्हा प्रत्येकीची परीक्षा व्हायची. मदरबोर्डाने, म्हणजे आम्हाला जिच्यावर बसवतात त्या मोठ्या पाटीने, एक टाळी वाजवली, की तेवढ्यात किती पावलं न अडखळता टाकता? माझी अकरा भरली. मग माझ्या अंगावरच्या चार बारीक तारा तोडल्या आणि मला अकरावर कायमची बांधली. लोक याला कुलूप म्हणतात. मी मर्यादा म्हणते. आपली मर्यादा ओळखून चालणारीला लोक कमी लेखतात, तो लोकांचा अडाणीपणा.

पुण्याच्या जुन्या बाजारातून स्टीफनने मला आणलं. तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि त्याची बायको ग्रेस कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायची. चर्चमधली लग्नं, मंगल कार्यालयातली लग्नं, शेतात मांडव घालून लावलेली लग्नं, सगळी माझ्या हाताखालून गेली. नवरा-नवरीभोवती बदामाचा आकार फिरवायचा, नावावर फुलं उधळायची, ही सगळी हौस मीच पुरवायची. दोन वर्षांत माझ्या हातून एक अक्षता इकडची तिकडे झाली नाही. पण माझं कौतुक कुणाला? "लई हळू चालतंय हे," एवढंच मी ऐकलं.

एका जानेवारीत स्टीफनचा मित्र शौनक आला. सायबर कॅफेत बसून अर्धवट शहाणा झालेला.

"अरे, हिला कुलूप आहे फक्त," तो म्हणाला. "त्या चार तुटक्या तारा पेन्सिलीने जोडायच्या. शिशातून वीज जाते. मग हवी तेवढी पळव."

ग्रेस हसली. "पेन्सिलीने? मग खडू फिरवला की टीव्ही रंगीत होतो का हो, भाऊजी?"

"वहिनी, तुम्ही बघाच."

मला उपटून टेबलावर ठेवलं. भिंग लावून शौनकने माझ्या अंगावर चार रेघा ओढल्या आणि परत बसवलं. बोर्डावरची खुणेची बटणं सरकवून अकराची तेरा पावलं केली. मला कुणी विचारलं नाही. मी धावले. थंडी होती म्हणून धावले. दोन तासांचं काम लवकर उरकायला लागलं, तशी स्टीफनने माझ्या डब्यावर थाप मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा! अंग जाळून घेतल्याशिवाय इथे शाबासकी मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

उन्हाळा आला तशी माझी लाही व्हायला लागली. स्टीफनने डब्याचं झाकण काढलं आणि समोर घरातला टेबल फॅन लावला.

"मी घामाने भिजतेय आणि वारा हिला," ग्रेस म्हणाली. "हिच्याशीच लग्न लावायचं होतंस."

"लगीनसराई संपू दे गं."

त्या लगीनसराईत मिरजगावच्या निकिताचं लग्न झालं. तिचे वडील पुंजाराम टेम्पो चालवायचे. माणूस अबोल. पाठवणीच्या वेळी मात्र ते पोरीच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. नेमका बँड जोरात होता, तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिने रडत नुसती मान हलवली. पण स्टीफन कॅमेरा घेऊन अगदी जवळ उभा होता, त्याच्या टेपवर ते बोलणं उतरलं.

आता स्टीफनची रीत ऐका. टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवली, की ती मोकळी झाली असं धरायचं आणि पुढच्या लग्नाला तीच वापरायची. रविवारी नेवाशाचं लग्न होतं. शनिवारी रात्री पाठवणीची टेप माझ्याकडे उतरवली. सकाळी जाताना त्याने मला काम लावून दिलं. डिस्क भरत आली होती, म्हणून पाठवणीचा मोठा तुकडा दाबून कमी जागेत बसेल असा बारीक करायचा आणि बारीक झाला की मोठा पुसायचा. तीच टेप कॅमेऱ्यात घालून तो नेवाशाला गेला. ग्रेस चर्चला गेली.

साडेदहाला लोडशेडिंग. मी बॅटरीवर चालू राहिले, पण समोरचा पंखा बंद पडला. मे महिना, बंद खोली, वर पत्रा आणि तेरा पावलं. मी चुकायला लागले, मित्रांनो. पाचाचे सात केले, साताचे शून्य. चित्राचा चिखल केला आणि आवाजाची खरखर. मग हुकुमाप्रमाणे मोठा तुकडा माझ्याच हाताने पुसला आणि मान टाकली.

"एक पाठवणीच गेली ना," संध्याकाळी स्टीफन म्हणाला. "दोन गाणी टाकू तिथं. कोण एवढं बघतंय?"

दुसऱ्या आठवड्यात पुंजारामांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. दहाव्याच्या आदल्या दिवशी निकिता स्टुडिओत आली.

"भाऊ, सीडी न्हाई झाली तरी चालंल. निस्ती पाठवणी दावा. आबा काय बोलले तेवढं ऐकायचंय."

"कॉम्प्युटर बिघडला, ताई," स्टीफन खाली बघून म्हणाला. "प्रोसेसरच खराब निघाला."

खराब निघाला! आणि मी, उपटून टेबलावर ठेवलेली, चारही रेघा अंगावर घेऊन हे ऐकत पडले होते.

"कॉम्प्युटर बिघडला आसंल. टेप हाय ना?"

ग्रेस म्हणाली, "टेपवर नेवाशाचं लग्न घेतलंय, बाई. आमची चूक झाली."

"मंग मी नेवाशाच्या लग्नात माझा बाप हुडकू का?"

निकिताने पदर खोचला आणि खुर्ची ओढली. "लावा. हुडकते."

कॅमेरा टीव्हीला जोडला. परक्या माणसांचं लग्न ती पापणी न हलवता बघत बसली. नेवाशाची नवरी गाडीत बसली, चित्र थरथरलं आणि टेपच्या शेपटाला न पुसलेलं मिरजगाव दिसलं. गाडी निघून गेलेली. बँड थांबलेला. पुंजाराम खुर्चीवर पाठमोरे बसलेले, फेटा सोडून मांडीवर घेतलेला. त्यांचे भाऊ बन्सी जवळ येऊन विचारतात, "काय सांगितलं रं पोरीला?"

पुंजाराम म्हणतात, "तिला सांगायचं ते तिला सांगितलंय. तुला कशापायी पायजे?"

आणि टेप संपली.

निकिताने ते चार वेळा लावायला लावलं. मग उठली आणि चपला घालून गेली. सीडी न्यायला तिच्या घरचं कुणी कधी आलं नाही. स्टीफनने पुढच्या आठवड्यात रबराने माझ्या रेघा खोडल्या, मला खणात टाकलं आणि नवी चिप आणली. आता तो ड्रोनने शूटिंग करतो.

मित्रांनो, पुंजारामांचं ते पाठवणीचं बोलणं माझ्या अंगातून गेलं होतं. माझ्या चालीने चालले असते तर ते नीट पोचवलं असतं. त्या धावपळीत ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. दुसऱ्याला पळवायची हौस आली, तर आधी त्याचा दम बघा. ज्याच्या जिवावर खाता, त्याला बिघडला म्हणण्याआधी आपला हात बघा. आणि नक्कल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अस्सल पुसू नका. कुठलाच बाप तीच पाठवणी दुसऱ्यांदा करत नाही.