गोजाबाई कासारणीचे हात

चाकणच्या बाजारात गोजाबाई कासारणीसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. कसल्याही राठ पंज्याची नवरी येवो, गोजाबाई तो असा हळुवार दाबायची की बांगडी मनगटात कधी गेली ते पोरीला कळायचंही नाही. नेमकं त्याच हातांना आमवातानं धरलं. सांधे सुजले, सकाळी मूठ वळेना, बोटं करंगळीकडे कलायला लागली.

नवरा, सोपानराव, तिला पुण्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

"दोन्ही हातांना फळ्या बांधू. वाकलेलं सरळ होणार नाही, पण पुढं वाकायचं थांबेल. बांगड्या मात्र काढाव्या लागतील."

कासारणीला वेगळं सांगायला नको होतं. सुजलेल्या सांध्यांवरून काचेची बांगडी फोडूनच निघणार, आणि पुन्हा काही चढणार नाही.

"नवरा जित्ता असताना भुंडे हात घिऊन बसू?"

"अगं, मीच सांगतोय ना!" सोपानराव कळवळला.

"तुमी सांगून काय हुतंय? उद्या कोण नवरी माझ्याम्होरं हात करंल?"

बाई हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही. गोळ्या घेतल्या, फळ्या नाहीत. लेकीचा, शकूचा चुडा आपल्या हातानं भरायचा, एवढी एकच आस तिनं धरली होती.

पुढं शकूला पिंपरीच्या नव्या कारखान्यातलं स्थळ सांगून आलं आणि माघात लग्न ठरलं. चुडा भरायला गोजाबाई लेकीपुढं बसली. पण बोटं एव्हाना पार तिरपी झालेली, त्यांना दाबताच येईना. बांगडी अंगठ्यापाशी अडली, तडकली, शकूच्या हाताला रक्त आलं.

"काय न्हाई आये, दुखत न्हाई," शकू म्हणाली.

गोजाबाईनं हात मागं घेतले. चुडा सोपानरावानं खाली मान घालून भरला.

शकू सासरी गेल्यावर गोजाबाईनं आपल्या हातानं आपल्या बांगड्या वाढवल्या. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "बांधू द्या फळ्या."

डॉक्टरांनी बोटं हलवून पाहिली आणि काढलेल्या फळ्या परत कपाटात ठेवल्या. "सांधे सरकलेत, बाई. आता यांचा उपयोग नाही."

घरी सोपानराव दुकानातली सगळ्यांत मोठी बांगडी तिच्या हातात चढवू पाहत राहिला. जाईना. शेवटी त्याला रडू फुटलं.

"ऱ्हाऊ द्या," गोजाबाई म्हणाली. "उद्या बाजारात माझ्या शेजारी बसा. म्हंजी कुणी इचारायचं न्हाई."