रत्नाबाईचे ओले बोंबील

रत्नाबाईनं भाव न करता मासळी विकली, असं तारापूरच्या बंदरावर कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. माहीमपासून मनोरच्या बाजारापर्यंत तिच्या जिभेचा दरारा. गिऱ्हाईक मालाला नावं ठेवणार, ही त्याच्या सात पिढ्या काढणार, तो रागानं निघणार, ही हाका मारून परत बोलावणार, मग कुठं सौदा. एवढं झाल्याशिवाय विकलेली मासळी घेणाऱ्याला पचत नाही, असं बाईचं ठाम मत.

आणि आज तीच बाई मुकाट बसली होती. दमणच्या खाडीत, नवऱ्याच्या होडीत, सुक्या बोंबलांच्या ढिगाला टेकून. कारण त्या ढिगाखाली तिचा धाकटा भाऊ गोमा होता.

साल एकसष्ट, महिना डिसेंबर. दमणवर अजून फिरंग्यांचं राज्य होतं आणि ते उलथवायला निघालेल्या पोरांत गोमाही होता. पठ्ठ्यानं भर बाजाराच्या दिवशी कचेरीवर चढून फिरंग्यांचा झेंडा उतरवला नि तिरंगा लावला. तेव्हापासून शिपाई त्याला हुडकत होते. सापडला तर गोळीच. आपल्या सरकारनं दमणशी व्यापार बंद केलेला, पण समुद्राला कुठलं आलंय फाटक? रत्नाबाई आणि तिचा नवरा पंढरी बोंबील घेऊन आले, निम्मा माल विकला आणि उरलेल्या निम्म्याखाली गोमाला झोपवून ओहोटीबरोबर परत निघाले.

खाडीच्या तोंडावर चौकी होती. तिथल्या शिपायानं हात केला. गोरा, कोवळा, नाक उन्हानं सोललेलं. पंढरीनं होडी धक्क्याला लावली.

"माल परत?" शिपायानं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

"भाव आला नाय," रत्नाबाई म्हणाली.

"मला दे टोपलीभर. निम्मा भाव."

ही ब्याद एकदाची टळावी, एवढंच रत्नाबाईला सुचलं. "घे बाबा, घे," ती म्हणाली.

झालं! तिथंच घात झाला. शिपाई दमणच्या बाजारातच मासळी घ्यायचा, कोळणींच्या शिव्या खाऊनच तर तो बोलायला शिकला होता. भाव आला नाही म्हणून माल परत नेणारी बाई निम्म्या भावाला 'घे बाबा' म्हणते? त्यानं बंदूक सरसावली आणि तो होडीत उतरला.

"स्वस्त का? माल खराब? का खाली काही आहे?"

शिपायानं ढिगातला एक बोंबील उचलला, वाकवला, हुंगला आणि नाक मुरडलं. "ओला आहे," तो म्हणाला.

रत्नाबाईचा बोंबील ओला! तिनं स्वतः वलांडीच्या बांबूंवर टांगून उन्हात सुकवलेला, कावळ्यांना हाकलून हाकलून राखलेला! भीती कुठल्या कुठे पळाली.

"ओला? तुज्या डोळ्यांत माती पडली काय रं मेल्या? हाडासारका वाजतो, आयक!" आणि तिनं तो बोंबील त्याच्याच टोपीवर वाजवून दाखवला. मग मूठ भरून त्याच्या छातीवर फेकली. "ह्यो ओला? आन् ह्यो? ह्यो बी ओला काय?"

आता मुठी भरत होती ती कुठून, तर त्याच ढिगातून! बघता बघता गोमाच्या पायाचा अंगठा उघडा पडला. पंढरी चटकन त्यावर बसला.

"अवो, उठा! माल चेपतो ना!" रत्नाबाई नवऱ्यावरही कडाडली. संतापाच्या भरात तिला भाऊबिऊ काही आठवत नव्हतं.

शिपायाचा संशय मात्र फिटला. हे सगळं त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. डोकं हातांनी झाकत, हसत हसत तो धक्क्यावर चढला. "जा, बाई, जा!"

"टोपली घेऊन जा की! भाव पुरा दे!"

"नको! जा!" म्हणत त्यानं स्वतःच पायानं होडी ढकलून दिली.

चौकी मागे पडून दिसेनाशी झाली, तसा ढीग हलला. गोमा शिंकत बाहेर आला. "बाय, आणकी दोन मुठी फेकल्या असत्यास, तर माजं नाक दिसलं असतं!"

रत्नाबाईनं आधी त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली, मग त्याच्याच गळ्यात पडून ढसाढसा रडली. "तुला काय झालं असतं, तर भाऊबीजेला मी कुनाला ओवाळलं असतं रं?"

त्याच महिन्यात आपली फौज दमणात शिरली आणि फिरंग्यांचं राज्य गेलं. रत्नाबाई उजळ माथ्यानं टोपली घेऊन दमणच्या बाजारात बसली, शेजारी गोमा. समोरून कैदी शिपायांची रांग चालली होती. तिला सोललेलं नाक दिसलं. टोपी नाही, बंदूक नाही, नजर जमिनीवर. ह्याच्या आईला काही कळलं असेल का, या विचारानं तिचा जीव कळवळला. ती उठली आणि तिनं त्याच्या दोन्ही हातांत बोंबील भरले.

"घे बाबा, घे."

शिपायानं तिच्याकडे पाहिलं. मग गोमाकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. झेंडा उतरवणाऱ्या त्या चेहऱ्याचं वर्णन त्याला पाठ होतं. त्या दिवशी ढिगाखाली काय होतं, ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं एक बोंबील उचलला, वाकवला, हुंगला. डोळ्यांत पाणी होतं, तरी त्यानं नाक मुरडलं.

"ओला आहे."

"मेल्या!" रत्नाबाई गरजली, आणि आणखी एक मूठ तिनं त्याच्या खिशात कोंबली.