कमलबाईच्या कळशीतलं पाणी

मी एक जुनी, चेपलेली तांब्याची कळशी आहे. मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. आज माझ्या पोटात थेंबभर पाणी राहत नाही, काठ आत मुडपलाय आणि बेंबळी गावातल्या या परसात कोंबड्या खुशाल माझ्यावर चढून बसतात. पण वीस-बावीस वर्षं या घरातला सकाळचा पहिला घोट माझा होता. माझ्याआधी इथं कुणी चहाला तोंड लावलेलं नाही. आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला फार चांगली समजायला नको. या घरातल्या दोन लेकरांना मी विष पाजलं. मुद्दाम नाही, लाडानं.

कळंबच्या एका तांबटानं मला घडवलं आणि कमलबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण म्हणून दिलं. तिचा नवरा बब्रुवान म्हणजे तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. पोरगी नात्यातच राहिली म्हणून दोन्हीकडची माणसं खूश होती, मीही खूश होते. कमलबाई मला चिंच-मीठ लावून अशी घासायची की तिला माझ्यात तोंड दिसावं. रोज संध्याकाळी भरायची, सकाळी ग्लास ग्लास सगळ्यांना द्यायची. आल्यागेल्याला सांगायची, "तांब्याचं पाणी हाय, त्याच्यात लई ताकद असती." मी फुगून जायचे. स्टीलच्या भांड्यांकडे तर मी बघतसुद्धा नसे.

शिवांजली थोरली आणि कुलदीप तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. कुलदीप म्हणजे आईचा जीव की प्राण. बारा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. कुणी पाल्याचा रस दिला, कुणी गळ्यात माळ घातली आणि कमलबाईनं माझे दोन ग्लास वाढवले. कावीळ उतरली. श्रेय अर्थातच मी घेतलं.

पुढं तो कबड्डीत नाव काढू लागला. चढाईला गेला की तिघांना ओढत आणणारा पोरगा. पण पंधरावं संपता संपता त्याचे हात थरथरायला लागले. वहीतलं अक्षर मुंग्या पांगाव्यात तसं पांगलं. शाळेत मास्तरांनी फळ्याजवळ बोलावलं, खडू तीनदा हातातून पडला, वर्ग हसला आणि मास्तरांनी चेष्टा समजून कानाखाली जाळ काढला. घरी येऊन कुलदीपनं स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेतलं. एकदा नाही, रक्त येईपर्यंत. कमलबाईनं हळद लावली आणि माझा ग्लास त्याच्या ओठाला लावला.

त्यानंतर या घरात मार सुरू झाला, मित्रांनो. मी सगळं पाहिलंय, कारण माझी जागा चुलीजवळ, घराच्या मधोमध होती. कुलदीपचा राग तेरखेड्याच्या फटाक्यासारखा होता. वात कधी पेटली ते कळायचं नाही. भाकरी जाड झाली म्हणून त्यानं परात फेकली. म्हशीनं पाय दिला म्हणून तिला विळ्यानं मारायला धावला. बब्रुवान तसा शांत माणूस, पण पोरानं अंगावर हात टाकल्यावर त्याचाही तोल गेला. बैलाच्या चाबकानं त्यानं पोराला अंगणात लोळवलं. पोराच्या पाठीवर वळ उठले आणि बाप उसाच्या फडात जाऊन रडला, असं शिवांजली सांगायची. पण दुसऱ्या आठवड्यात परत तेच.

एका सकाळी कमलबाई मला हातात घेऊन त्याच्याजवळ गेली. "पी रे राजा, सकाळपासून काय घेतलं न्हाईस." त्याची जीभ तोवर जड झाली होती, तोंडातून लाळ गळायची. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते शब्दात उतरेना. त्यानं मला हिसकावलं आणि आईच्याच कपाळावर घातलं. तिचं कपाळ फुटताना मला जाणवलं. पाणी आणि रक्त एक होऊन जमिनीवर पसरलं. पाच टाके पडले. कुलदीप कोपऱ्यात बसून स्वतःच्या मनगटाला चावत होता. मी भांडं आहे, मला लाज वाटण्याचं कारण नाही असं तुम्ही म्हणाल. वाटली, खरंच वाटली.

मग गोठ्यातल्या खांबाला दावं बांधलं गेलं. म्हशीचं नाही, पोराचं. शेजारच्या गावचा देवऋषी आला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, कडुनिंबाच्या ओल्या फोकानं पायाच्या पोटऱ्या फोडल्या आणि "सोडतूस का न्हाय?" असं कुणाला तरी विचारत राहिला. पोरगा खोकून खोकून निळा पडला. गावात कळू नये म्हणून गोठ्याचं दार बंद राहू लागलं.

आता शिवांजलीबद्दल सांगते, कारण खरी शहाणी तीच आणि खरी चूकही आधी तिचीच. ती रोज एसटीनं जाऊन-येऊन धाराशिवला औषधनिर्माणाचं शिकत होती. तिथं अमरनाथ स्वामी नावाचे संशोधक होते. लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारांवर त्यांचं काम. त्यातल्या एका आजारात बुबुळाच्या काठाला तपकिरी कडं उमटतं. साध्या मोबाइलनं डोळ्याचा फोटो काढला की ते कडं यंत्राला ओळखता यावं, म्हणून हजारो डोळे त्या यंत्राला दाखवायचे होते. शिवांजली गावोगाव फिरून हे फोटो काढायची. कमलबाईनं एकदा विचारलं, "मोबाइलला काय कळतंय गं डोळ्यातलं?"

"तुला पीठ हातात घेतलं की कळतंय ना, भाकरी फुगंल का चिरंल?" शिवांजली म्हणाली. "लई भाकऱ्या थापल्यास म्हणून कळतंय. ते यंत्रबी तसंच. लई डोळे बघून बघून शिकतंय."

असं बोलणारी ही पोरगी कळंबच्या शाळा, वाशीचा बाजार, अख्ख्या बेंबळीचे डोळे मोबाइलमध्ये भरून घेऊन गेली आणि स्वतःच्या घराचा गोठा तेवढा राहिला. घरची अब्रू म्हणून तिनं सरांना भावाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. पण फोकाचे वळ पाहिले त्या दिवशी ती तडक मोबाइल घेऊन गोठ्यात शिरली.

कुलदीपनं डोक्यानं धडक दिली. तिचा ओठ फाटला. "आबा, धरा त्याला!" ती ओरडली. बब्रुवाननं पोराचं डोकं मांडीत दाबून धरलं, पोरानं बापाच्या हाताचा लचका तोडला, बापानं हात काढला नाही. चौथा फोटो नीट आला. मोबाइलच्या पडद्यावर लाल चौकट उमटली, म्हणजे यंत्राला ते कडं सापडलं होतं. शिवांजली तिथंच शेणात बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली.

तिचा फोन गेला आणि अमरनाथ सर दुसऱ्याच दिवशी आले. म्हणाले, यंत्र फक्त बोट दाखवतं, निदान डॉक्टरच करणार. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त, लघवी, डोळे, सगळं तपासलं गेलं. आजार निघाला विल्सनचा. सरांनी घरी येऊन बब्रुवानला समजावून सांगितलं, "दादा, अन्नातून प्रत्येकाच्याच पोटात थोडं तांबं जातं. यकृत ते बाहेर टाकतं. ह्याच्या यकृताला जन्मापासून ते जमत नाही. ते साठत गेलं. आधी यकृतात, मग मेंदूत, डोळ्यात. हा राग त्याचा नाही, त्या तांब्याचा आहे. आईबाप दोघांच्या रक्तातून ही खोट आली की असं होतं, आणि नात्यातल्या लग्नात ते जास्त घडतं." मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. "आणि ही कळशी आजपासून बंद."

मित्रांनो, आजार माझ्यामुळं झाला नव्हता. तो जन्माचा होता. पण आधीच पेटलेल्या घरात मी रोज सकाळी तेल ओतत होते.

औषधाची तऱ्हा निराळीच. कॅप्सूल थंड ठेवायची आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिजातलं दूधसुद्धा फाटतं. त्यात कुलदीपला गिळता येईना. कॅप्सूल घशात अडकून तो दोनदा घुसमटला, बब्रुवाननं पाठीत गुद्दे घालून ती बाहेर काढली. अमरनाथ सरांचं दुसरं काम नेमकं हेच होतं. तेच औषध उन्हात टिकणाऱ्या, गिळायला सोप्या बारीक दाण्यांमध्ये बसवायचं. नवं औषध देण्याआधी लागते ती दवाखान्याच्या समितीची परवानगी, आईबापाच्या सह्या, असं सगळं रीतसर करून पुड्या आल्या. पहिली पुडी कुलदीपनं सरांच्या तोंडावर थुंकली आणि चष्मा फोडला. वास सहन होत नव्हता. सरांनी चष्म्याला चिकटपट्टी लावली, परत गेले, दाण्यांवरचा थर बदलला. असं तीनदा झालं. चौथी पुडी पोरानं गिळली.

सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. पण दोन महिने गेले तरी थरथर तेवढीच होती. तपासणीत तांबंही म्हणावं तसं उतरेना. सर वही उघडून बसले, दाण्यांचा थर परत तपासला, यंत्र परत तपासलं. त्यांचं कुठं चुकलं ते त्यांना सापडेना. मला माहीत होतं, पण कळशीला तोंड असून उपयोग काय?

सरांनी बंद म्हटल्यावर कमलबाईनं मला घराबाहेर काढलंच नव्हतं. धान्याच्या कणगीच्या मागं लपवलं होतं. पुडी उपाशीपोटी पाण्यासोबत द्यायची होती. तिला वाटलं, एवढं मोलाचं औषध, ते नळाच्या पाण्यासोबत कसं द्यायचं? माझी धार औषधाला जोर देईल, अशी तिची श्रद्धा. रोज सकाळी ती गुपचूप माझ्यातलं पाणी स्टीलच्या ग्लासात ओतायची, त्यासोबत कुलदीपला दाणे द्यायची आणि उरलेलं पाणी शिवांजलीला. "माझ्या लेकीला काय झालंय?" असं मनाशी म्हणायची.

आजार भावाला निघाला म्हणून सरांनी शिवांजलीचीही तपासणी सांगितली. तिनं स्वतःचे डोळे मोबाइलला दाखवले. यंत्र म्हणालं, काही नाही. ती हसली. सर हसले नाहीत. "कडं उमटायच्या आधीही आजार असतो. यंत्रानं तेवढे डोळे पाहिलेले नाहीत. रक्त दे." आठ दिवसांनी कागद आला. तिलाही तोच आजार होता, फक्त अजून जागा झाला नव्हता.

शिवांजलीनं अंगणात कागद वाचून दाखवला आणि कमलबाईच्या हातातलं सूप गळून पडलं.

"म्या दिलं," ती म्हणाली. "रोज दिलं. पुडीसंगं त्याला आन् उरलेलं हिला. दोघान्लाबी म्याच दिलं."

बब्रुवानचा हात उठला. लग्नापासून कधी उठला नव्हता, तो उठला. शिवांजली मधे येऊन उभी राहिली. "आबा, ह्या घरात आता कुणी कुणाला मारायचं न्हाय."

हात तसाच वर राहिला. कमलबाई आत गेली, कणगीमागून मला ओढत बाहेर आणलं आणि अंगणातल्या दगडावर आडवं टाकलं. कुऱ्हाड उलटी धरून तिनं पहिला घाव घातला. मी किंचाळले असेन, तांबं वाजतंच. दुसरा, तिसरा, दहावा. तिच्या कपाळावरची टाक्यांची खूण लालबुंद झाली होती. प्रत्येक घावाला ती रडत म्हणायची, "माझ्या बापानं दिली! माझ्या बापानं!" गोठ्याच्या दारातून दाव्याला बांधलेला कुलदीप बघत होता. काठ मुडपला, पोट बसलं, बूड फाटलं. मित्रांनो, मला दुखलं. पण तिनं थांबू नये, असंच मला वाटत होतं.

त्याला आता आठ महिने झाले. पुड्या चालू आहेत, दोघांच्याही. शिवांजलीनं सरांच्या यंत्राला आणखी कितीतरी डोळे दाखवलेत आणि प्रत्येक घरात ती विचारते, तुमच्यात कुणी भाऊ-बहीण तपासायचं राहिलंय का? कुलदीपचं दावं सुटलं. बोलणं अजून अडखळतं. राग येतो, पण तो येताना आता त्यालाही कळतो, मग तो उठून रानात जातो.

तुमच्या घरात उद्या कुणी अचानक परक्यासारखं वागू लागलं, तर मित्रांनो, हातात दोर घेण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. माया करताना विचारून करा. आणि जी वस्तू जिवाला बाधते ती कुणीही दिलेली असो, कितीही घासून चकचकीत केलेली असो, तिला जपू नका. हे मी स्वतःबद्दल सांगतेय, म्हणून तरी ऐका.

आज सकाळी कमलबाई परसात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कुलदीप आतून स्टीलचा ग्लास घेऊन आला, दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल टाकत. हात थरथरत होते. अर्धं पाणी वाटेत सांडलं, थोडं माझ्यावरही उडालं, पण अर्धं आईपर्यंत पोचलं. तिनं ते सगळं प्यायलं, ग्लास त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आनिक आन."