पट्टी बांधलेला बैल

मित्रांनो, मी जुना आहे, सागाचा आहे, आणि पायाखाली चार चाके असूनही आता कुठे जात नाही. माझ्या उजव्या पायाला एक मळकी पट्टी आहे. तिची गोष्ट सांगतो.

सिंदेवाहीजवळच्या एका गावात लटारू सुताराने मला घडवले, आपल्या बुधूसाठी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो; लाकडी बैल सजवून पोरे घरोघर फिरतात. बुधूने मला दोनच पोळे ओढले. मग तापाने त्याला चांद्याच्या दवाखान्यात नेले. सुईला भिऊन तो हाका मारत राहिला. त्याची बहीण कुंता बाहेर ओसरीत बसली होती. तिला आत कुणी सोडले नाही. हाका थांबल्या, तेव्हाच सोडले.

अठरा वर्षांची झाली तेव्हा कुंता मला काखेत मारून त्याच दवाखान्यात आली. साल छप्पन असावे. मुलांच्या खोलीच्या मोठ्या नर्स इंदुताई तिला म्हणाल्या, "जागा नाही इथे."

"जागा नोको, बाई. पगार बी नोको. मले फक्त पोरांजवळ बसू द्या."

इंदुताईंनी तिला नखशिखान्त पाहिले. "सहा महिने बस. काम पटले तर नागपूरच्या नर्सिंग शाळेला चिठ्ठी देईन. नाही पटले तर बैल घेऊन घरी."

त्या चिठ्ठीवर कुंताचा जीव होता. ती फडकी उकळायची, भांडी घासायची, पेज भरवायची. आणि दुपारी, जखमा बांधायच्या वेळी, मला खाटेवर ठेवायची. आधी माझा पाय पुसायचा, मला पट्टी बांधायची, मग लेकराला. पोरे पाहत, आणि त्यांची भीती निम्मी होई. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस.

श्रावणात गोकुळा आली. सात वर्षांची, तलावावर मासे धरणाऱ्या उमाजीची लेक. चिखलात माशाचा काटा पायात मोडला होता. पाय भोपळ्यासारखा सुजलेला. ती कुणाला हात लावू देईना. इंदुताई दारात उभ्या होत्या. कुंता घाबरली, आणि तिच्या तोंडून गाणे निघाले:

*सागाच्या रे बैला, घे रे लेकराचं दुखणं,*
*तुया पायी पट्टी, तिच्या डोयात हसणं.*

"गेलं पाहाय दुखणं, गोकुळे! आता त्याच्याच पायात आहे."

गोकुळा गप्प झाली. इंदुताई म्हणाल्या, "हात गोड आहे गं तुझा." त्या संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी लिहून टेबलाच्या खणात ठेवली.

पण मित्रांनो, गोकुळा त्या दिवसापासून रडलीच नाही. कुणी विचारले की म्हणायची, "मले नाई दुखत. बैलाले दुखते." मग हळूच माझा पाय चोळायची. तिचा हात विस्तवासारखा तापलेला असे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उमाजी आला. "चाल माय, घरी. तुमच्या डाक्टरनं सुया टोचून टोचून पोरीची चाळणी केली, बाई!"

"थांबा ना भाऊ. डाक्टर दौऱ्यावर आहेत, परवा येतेत," कुंता म्हणाली.

"थांबू काऊन? पोरगी सोताच सांगून राह्यली, दुखत नाई म्हून. बिमारी बैलात गेली ना? मंग बैल बी द्या. नारबोदीच्या दिवशी शिवेपार टाकतो."

'मी खोटं बोलली' एवढेच कुंताला सांगायचे होते. पण इंदुताई खणापाशीच बसल्या होत्या. कुंताने खणाकडे पाहिले. तिने मला उमाजीच्या हातात दिले.

पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी, पोरांचे बैल निघायच्या आधी, पळसाच्या डहाळ्या हाती घेऊन उमाजीचे गाव नारबोद काढायला, म्हणजे रोगराई शिवेबाहेर हाकलायला, निघाले. "रोगराई घेऊन जाय गे नारबोद!" उमाजीने मला शिवेपलीकडच्या काट्यांत भिरकावले. पहिल्यांदाच मी कुणाचे खेळणे नव्हतो. मी रोग होतो.

उन्हे वर आल्यावर खरडत खरडत काहीतरी जवळ आले. गोकुळा होती. रांगत आली होती. तिने मला काट्यांतून काढले, पोटाशी धरले. "लय दुखते का रे?" तिथेच ती आडवी झाली.

उमाजीने तिला उचलून घरी नेले, आणि दोन दिवसांनी बैलगाडीतून दवाखान्यात आणले; मी तिच्या पोटाशीच होतो. सूज मांडीपर्यंत चढली होती. डॉक्टरांनी पाहिले आणि मान फिरवली. गोकुळेने कुंताला विचारले, "बाई, मी दुखणं वापस घेतलं का?"

तेव्हा कुंता सगळ्यांसमोर म्हणाली, "नाई, माय. बैलाले कधीच दुखलं नाई. मी खोटं बोलली. दुखत तुलेच होतं. रड तू, गोकुळे. खूप रड."

आणि गोकुळा रडली, मोठ्यांदा. भर दुपारी तिचा आवाज थांबला, तेव्हा तिचा हात कुंताच्या हातात होता.

इंदुताईंनी खणातली चिठ्ठी काढली आणि चुलीत घातली. म्हणाल्या, "उद्यापासून पुन्हा सहा महिने. पहिल्या दिवसापासून."

कुंता आली. उमाजीही एकदा आला, दारातून माझ्याकडे पाहून परत गेला. तेव्हापासून कुंता प्रत्येक लेकराला सांगे, "दुखंल. लय दुखंल. मी इथीच आहे." दुसऱ्या वर्षी ती नागपूरला गेली. मला फळीवर ठेवून गेली, पट्टीसकट.

मित्रांनो, मला नवा रंग देऊ नका, पट्टीही सोडू नका. आजारी लेकराजवळ बसाल, तेव्हा तुमचे शब्द त्याच्या जखमेइतके खरे असू द्या. माझ्या पायात दुखणे कधीच नव्हते. असते, तर मी ते परत जाऊ दिले नसते.