तळपायाचं तेल

मांजर माझ्या पोरीचे तळवे चाटत होतं.

दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून मी घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. छबू ओट्यावर पाय पसरून बसलेली. मी समोर उभी, तरी ती "आई, कुठं हायेस?" म्हणत हवेत हात फिरवत होती. सांज झाली की तिला दिसेनासंच व्हायचं. त्यासाठीच तर मी तिसगावच्या दवाखान्यात जाऊन माशाचं तेल आणलं होतं.

बाटली देताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "समुद्रातल्या मुशी माशाच्या काळजाचं तेल आहे. दूध नाही, भाजीपाला नाही, मग पोरीचे डोळे कशावर टिकणार? डोळ्यांना लागतं ते सगळं या चरबीत भरलंय. रोज चमचाभर पोटात जाऊ द्या. हयगय केलीत तर दिवसाही दिसायचं नाही."

नवरा ऊसतोडीला गेलेला. म्हणून बाटली मी सासूबाईंच्या हवाली केली. रोज विचारायचे, "आत्याबाई, तेल दिलं का?" रोज उत्तर यायचं, "दिलं की." बाटलीतलं तेलही उतरत होतं. डोळे मात्र होते तसेच.

मी मांजराला हुसकलं आणि छबूचा पाय नाकाशी नेला. मासळीचा वास भपकन आला. माझं डोकंच फिरलं.

"आत्याबाई, तेल कुठं दिलं?"

"पायाला." त्या काशाची वाटी पुसत होत्या. "डोळ्याची उष्णता तळपायातून उतरती. रोज वाटीनं घासते, हात भरून येतो माझा. माळकऱ्याच्या घरात पोरीच्या तोंडात मासा कसा घालू? पायाला लावला तर बाट न्हाई."

म्हणजे पायाला बाट नाही आणि तोंडाला आहे! त्यांनी खरंच मन लावून घासलं होतं, याचाच मला जास्त संताप आला. मुद्दाम केलं असतं तर झिंज्या तरी धरल्या असत्या.

"पायानं बघनार हाय का ती?" मी ओरडले. वाटी हिसकावली, बाटलीच्या तळाशी उरलेलं तेल तिच्यात ओतलं आणि छबूच्या तोंडाला लावलं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, रडली, पण गिळलं.

सासरे दारात उभे होते. गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, "आजपासनं ह्या पोरीचं ताट गोठ्यात."

गुरं छावणीला गेली होती. गोठा रिकामाच होता.

"ठेवा की!" वाटीला चिकटलेलं तेल मी बोटानं पुसलं आणि सगळ्यांदेखत चाटलं. "माझंबी तिथंच ठेवा."

दुसऱ्या दिवशी नवी बाटली आणली. ती कमरेला बांधूनच कामावर जायचे.

पुढं एका सांजेला आम्ही मायलेकी गोठ्यात भाकरी खात होतो. छबू एकदम म्हणाली, "आई, मांजर बघ, कुडावर बसलंय!" मी तिला पोटाशी धरलं.

तेवढ्यात ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला. शेजारच्या कडूबाईला त्या सांगत होत्या, "आमच्या छबूला दिसाय लागलं. काशाच्या वाटीचा गुन, दुसरं काय? ने तुझ्या नातवाला. राखेनं घासून ठेवलीय."

कडूबाईच्या नातवालाही सांजचं दिसत नव्हतं. वाटी पदराआड घेऊन ती निघाली.

मी हातातली भाकरी खाली ठेवली, बाटली उचलली आणि तिच्या मागं धावले.