आत्याच्या गावचं कॉलेज

मॅट्रिकचा निकाल लागला आणि चार दिवसांनी उकंडाजींनी आपल्या लेकीला सांगून टाकलं की पुढचं शिक्षण यवतमाळला. नागपूरच्या पाचपावलीतल्या त्यांच्या घरात त्यांच्याशी सहसा कोणी वाद घालत नसे. कौतिकानं घातला.

"यवतमाळची पोरं शिकायले नागपूरले येतात बाबा. अन् मी इथून तिथं जाऊ?"

"मी गिरणीत पाळीवर. तुही माय बिड्यांच्या कारखान्यात. एवढ्या मोठ्या शहरात तुह्यावर ध्यान कोण ठेवीन? तिथं तुही आत्या हाय, नवं कॉलेज हाय. जाशीन त तिथं जाय, नाही त घरी बस."

घरी बसणं म्हणजे काय, ते कौतिकानं आजूबाजूच्या पोरींचं पाहिलं होतं. तिच्या वर्गातल्या दोघी बर्डीवरच्या कॉलेजात नाव घालणार होत्या आणि तिघींनी मिळून एकाच रिक्षानं जायचं, हेही ठरलं होतं. त्या दोघींना तिनं काहीच सांगितलं नाही. बासष्टच्या जुलैत बापलेक वर्ध्यावरून यवतमाळला जाणाऱ्या एस.टी.त बसले. कळंब मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं रान लागलं, आणि तिला वाटलं, आपल्यामागे कोणीतरी एकेक दार ओढून घेत चाललंय.

आत्यानं मात्र तिला अंगणातच कवेत घेतलं. रुखमाबाई उकंडाजींहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा ह्या भावाला त्यांनी कडेवर वाढवला होता, लोकांच्या वावरात निंदण करून त्याला शाळेत ठेवला होता आणि पुढे नागपूरला धाडला होता. नवरा जाऊन वर्षं झाली होती. आता घरात त्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा देवराव. तो जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता, कापसाच्या हंगामात त्याला जेवायलाही फुरसत नसे. मोठा शांत माणूस. कौतिकासाठी त्यानं आपली खोली रिकामी करून दिली होती, तिच्या खिडकीला नवा पडदा लावला होता आणि स्वतःचं अंथरूण ओसरीत नेलं होतं.

"देवरावदादा, तुम्ही कायले त्रास घेतला?" ती म्हणाली.

आत्या चुलीपासून उठून आली. हसत हसतच म्हणाली, "त्याले दादा नको म्हनत जाऊ बाई."

"मंग काय म्हणू?"

"काहीच नको म्हनू. नाव घ्यायचं काय काम पडते?"

कौतिकानं ते मनावर घेतलं नाही. बाबा दुसऱ्या दिवशी परत गेले आणि तिचं कॉलेज सुरू झालं. प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली, त्या पुढच्या बाकांवर गप्प बसत आणि तास संपला की प्राध्यापकांच्या पाठोपाठ वर्गाबाहेर पडत. इंग्रजीचे सर चांगलं शिकवीत. त्या तासाला ती आपण कुठं आहोत ते विसरायची. पण फाटकाबाहेर देवराव सायकल धरून उभा असायचा. तिच्या बाजूनं सायकल हातात धरून तो चालत यायचा, एक शब्द न बोलता, आणि तिला घरी पोचवून जिनात परत जायचा. तिनं सांगून पाहिलं की मी एकटी येईन, नागपुरात एकटीच जायची. तो म्हणाला, "माय म्हनते."

एका रविवारी आत्या तिला विहारात घेऊन गेली. वंदना झाली, बायका पदर सावरत उठल्या. मागच्या ओळीतली एक म्हातारी पुढे आली, कौतिकाची हनुवटी बोटांनी वर उचलून तिनं तिला नीट पाहिलं आणि म्हणाली, "रुखमा, सून एक नंबर आनली गं. शिकलेली हाय, अन् गरीब गाईसारखी दिसते. लगन परीक्षेनंतर ना?"

आत्या लाजल्यासारखी हसली. "हो, परीक्षेनंतर."

आजूबाजूच्या कोणालाच नवल वाटलं नाही. तेव्हा कौतिकाला कळलं की ही गोष्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होती. फाटकाशी सायकल घेऊन उभा राहणारा माणूस कोण, ते तिच्या वर्गातल्या मुलींना ठाऊक होतं. कॉलेजातल्या शिपायालाही बहुतेक असावं. ठाऊक नव्हतं ते तिला एकटीलाच.

घरी येताना तिनं विचारलं. आत्यानं काही लपवलं नाही. छप्पनच्या दसऱ्याला दीक्षेसाठी रुखमाबाई पोराला घेऊन नागपूरला गेल्या होत्या आणि भावाकडे उतरल्या होत्या. दीक्षा घेऊन सगळे घरी आले, तेव्हा उकंडाजींचं मन भरून आलं होतं. त्यांनी बहिणीचे पाय धरले. "तू मले मानूस केलं, अक्का. तुले काय देऊ?" रुखमाबाईंनी कोपऱ्यात झोपी गेलेल्या अकरा वर्षांच्या कौतिकाकडे बोट दाखवलं. उकंडाजी म्हणाले, "देल्ली."

"तवापासून माह्या देवरावनं दुसऱ्या पोट्टीकडे पायलं नाही," आत्या अभिमानानं म्हणाली. "किती सोयरिकी आल्या! बोरी अरबची त मोठी चांगली होती. तो म्हने, मामाचा शब्द हाय."

आत्यानं त्या दिवशी तिच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं. रागवावं तरी कोणावर? आत्या तिचे केस विंचरून देत होती, अभ्यासाच्या वेळी शेजारच्या पोरांना अंगणातून हाकलत होती, दुधाची साय तिच्या वाटीत टाकत होती. ह्या घरात तिला कोणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. आणि तरीही त्या खोलीत, त्या नव्या पडद्यामागे बसली की तिला उठून पळावंसं वाटायचं.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, इतिहासाच्या तासाला न जाता ती कॉलेजच्या मागच्या बाजूनं निघाली आणि सरळ बसस्टँडवर आली. नागपूरची गाडी लागलेली होती. तिनं तिकीट काढलं, खिडकीशी बसली आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. गाडी भरली. ड्रायव्हर आपल्या जागेवर चढला, मागे वळून उतारूंकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

"देवरावच्या घरची ना तुम्ही?"

तो अमरसिंग. आधी जिनाचा ट्रक चालवायचा, देवरावचा जुना दोस्त.

"नागपूरले जाते मी. माझ्या घरी," ती म्हणाली.

"एकल्याच? देवरावले मालूम हाय?"

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तेवढंच पुरलं. अमरसिंगनं इंजिन बंद केलं आणि कंडक्टरला सायकलवर जिनात पिटाळलं. गाडी सुटेना तसे सगळे उतारू तिच्याकडे वळले. कोणी म्हणालं, घरी भांडण झालं असेल. एक म्हातारा तिला समजावू लागला की तरण्या पोरीनं असं न सांगता निघू नये, दिवस बरे नाहीत. लेकरू घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "उतर माय, आमची बी मोटार खोळंबून राह्यली." सगळे तिच्या भल्याचंच बोलत होते. तिला वाटलं, ह्यांतल्या एकानं जरी शिवी दिली असती तरी आपण बसून राहिलो असतो.

देवराव आला तो तसाच, हाताला ग्रीस, केसांत आणि भुवयांवर कापसाचा भुगा. तो गाडीत चढला आणि तिच्या पुढच्या बाकाशी उभा राहिला. हात धरला नाही, आवाज चढवला नाही.

"उतरते का?" त्यानं विचारलं.

ती उतरली. खाली पाय टेकेपर्यंत अमरसिंगनं गाडी सुरू केली होती.

दोघं घराच्या रस्त्याला लागले. मग देवराव म्हणाला, "मले काहून नाही सांगितलं तुनं?"

"सांगितलं असतं त सोडलं असतं?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"नसतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद झालं. आत्यानं तिची पुस्तकं कपड्यात बांधून माळ्यावर ठेवली आणि कॉलेजात सांगून पाठवलं की पोरीला ताप आहे. ती रागावली नाही. नुसती तोंड लपवून रडली, आणि ते रागावण्याहून वाईट होतं. शेजारणी निमित्तानं येऊन जात, दारातून खोलीत डोकावत. कौतिका तांदूळ निवडी, पाणी भरी, आणि खिडकीतून समोरच्या घराची मातीची भिंत पाही. तिनं बापाला बोलावून घ्या म्हटलं. आत्या म्हणाली, "येनारच हाय तो. दसरा झाला का पुढच्या आठवड्यात येतो म्हने, तारीख पक्की करायले."

उकंडाजी आले ते हातात मिठाई घेऊन. गाडीचा प्रकार त्यांना अमरसिंगकडून स्टँडवरच कळला होता. मिठाई त्यांनी कोपऱ्यात ठेवली आणि ओसरीत बसले. एका बाजूला बहीण, दारात भाचा, समोर लेक.

"मी शब्द देला हाय, कौतिका," ते म्हणाले. "अन् कोनत्या दिवशी देला, तेही तुले मालूम हाय."

"मालूम आहे. मीही होती तिथं, तुमचं बोट धरून." ती म्हणाली. "घरी आल्यावर तुम्ही देव्हाऱ्यातले टाक काढले. माय रडत होती, तरी काढले. म्हणाले, जुनं सारं सुटलं आजपासून. मग भावाच्या लेकीवर बहिणीचा हक्क, हे जुनं नाही का? हे तेवढं कोणत्या देव्हाऱ्यात ठेवलं होतं?"

उकंडाजींनी हात उगारला. तो हवेतच राहिला. मग त्यांनी तो आपल्याच मांडीवर आपटला आणि मान खाली घातली. "माह्या अक्कानं माह्यासाठी काय केलं, तुले नाही समजनार," एवढंच ते म्हणाले.

"समजते बाबा. पण तुमची फेड माझ्या अंगानं काहून?"

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "शिकवू नये म्हनत होती मी," त्या भावाला म्हणाल्या. "पाय, कशी बोलून राह्यली."

देवराव दारातून हलला, आत गेला, माळ्यावरून पुस्तकांचं गाठोडं काढून आणलं आणि कौतिकाच्या समोर ठेवलं. ते जवळजवळ टाकलंच.

"मले अशी बायको नाही पाहिजे, माय," तो म्हणाला. "जन्मभर गाडीतून उतरवत राहू का मी?" मग तो मामाकडे वळला. "पन मामा, इले नागपूरले नेऊ नका. आज नेली त उद्या सारी वस्ती म्हनीन, रुखमाच्या घरून पोट्टी वापस गेली, काही तरी खोट असन. माह्या मायले विहारात बसू देनार नाहीत. हे शिकायले आली ना? इथंच शिको. सगळ्यायच्या डोळ्यासमोर. मंग कुठंही जाओ."

उकंडाजींनी डोकं वर केलं. बुडत्याच्या हाताला काहीतरी लागावं तसे ते भाच्याकडे पाहत होते. "बराबर बोलतो तू," ते म्हणाले. कौतिकाला कोणी विचारलं नाही. लग्न सुटलं आणि यवतमाळ पक्कं झालं, दोन्ही एकाच वाक्यात.

कॉलेजच्या रस्त्यावर बसंतीबाई नावाची बंजारा विधवा एक खोली भाड्यानं देत असे. उकंडाजींनी लेकीला तिथं ठेवलं. बसंतीबाई वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं अंगणाच्या कडेला एक वेगळा माठ दाखवला. "तुझं पानी यात भर बेटी. माझ्या घडवंचीले हात नको लावू. नातेवाईक येतात तांड्यावरून, मला बोलतात." बाहेरचं दारही वेगळं होतं. कौतिकानं माठ धुतला आणि भरला. जायला दुसरी जागा नव्हती, आणि हे बसंतीबाईलाही माहीत होतं.

पुढची वर्षं तिनं अशी काढली. गाव एवढंसं, जायचे-यायचे रस्ते तेच. चौकात देवरावची सायकल दिसायची. तो मान वळवून घ्यायचा नाही, थांबायचाही नाही. आत्या बाजारात दिसली की दुसऱ्या बाजूला जायची. देवरावनं लग्न केलं नाही तोवर लोकांनी त्याचंही खापर हिच्यावरच फोडलं. ती सुट्टीत नागपूरला जायची, पण माय सोडून घरात कोणी मोकळं बोलायचं नाही. बर्डीवर जुन्या मैत्रिणी भेटल्या तर त्या आपल्याच कॉलेजच्या गोष्टी सांगायच्या, आणि हिला त्यांतलं एकही नाव ओळखीचं नसायचं. मग ती सुट्टी संपायच्या आधीच परतायची आणि परतताना स्वतःवर चिडायची.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला देवरावचं लग्न ठरलं, ढाणकीची मुलगी. आत्यानं बोलावणं पाठवलं. बोलावणं म्हणजे हुकूमच होता. कौतिकानं सर्वांसमोर यावं, म्हणजे काही मोडलं नव्हतं हे लोकांना दिसावं. ती विहारात नेसायची पांढरी साडी नेसून गेली. आत्यानं तिला आपल्या शेजारी बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि जेवणावळीत भात वाढायला लावला. हात अजून तसाच ऊबदार होता. कौतिकाला मांडवातच रडू आलं, आणि बायकांना वाटलं, हिला आता पस्तावा होतोय.

नवी नवरी लहानखुरी, धीट डोळ्यांची होती. जेवणं उरकल्यावर तिनं कौतिकाला आपल्याजवळ ओढलं.

"तुम्हीच का त्या कॉलेजवाल्या?"

"हो."

"मी चवथी शिकली. यायनं म्हटलं, पुढं शिकायचं असन त शिकजो." तिनं नवऱ्याकडे नजर टाकली. "खरंच शिकवतीन का हो?"

कौतिकानं देवरावकडे पाहिलं. तो पंगतीतल्या पत्रावळी उचलत होता, कपाळावर घाम, आणि प्रथमच मोकळा दिसत होता.

"शिकवतील," ती म्हणाली. "ते बोलले म्हणजे करतात. पण तू मागे लागशील तरच."

परीक्षा झाली, निकाल लागला. उकंडाजींनी नागपूरला ये म्हणून निरोप धाडला, आता काही अडचण नव्हती. ती गेली नाही. पांढरकवड्याच्या मुलींच्या शाळेत तिला नोकरी मिळाली होती. बसंतीबाईच्या दारातून तिनं पेटी स्वतःच उचलून रिक्षात ठेवली, स्टँडवर आली आणि पांढरकवड्याच्या गाडीत बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं उतरणार, कोणाकडे जाणार.

"कोणाकडेच नाही," कौतिका म्हणाली. बोलून झाल्यावर तिला जराशी भीती वाटली. पण गाडी सुटली तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं नाही.