कुशाबाईची सावड

ठकूबाईंची सून गोदाबाई, गोदाबाईंची सून भागीरथीबाई, आणि भागीरथीबाईंची सून मी, फुलाबाई. आधीच्या तिघींनी सांगवीच्या मातीत हयात घालवली. पण कुणाची सावड अंगावर ठेवून एकीनेही डोळे मिटले नाहीत. सावड म्हणजे मजुरी नव्हे. आज तू माझ्या रानात राबलीस, उद्या मी तुझ्या रानात राबेन, आणि तेही स्वतःच्या अंगाने. पैसे देऊन किंवा बदली माणूस पाठवून ती फिटत नाही.

माझ्यावर मात्र एक सावड राहिली होती. ऐन हंगामात मी तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा शेजारच्या कुशाबाईने दिवसभर राबून माझ्या मिरचीचा तोडा केला. माझी पाळी येण्यापूर्वीच तिच्या घरच्यांनी इंदापूरकडे वरकुट्याला बिऱ्हाड हलवले आणि तिथे ऊस लावला. ऊस तोडायला टोळ्या येतात. तिथे माझे काय काम? गेल्या वर्षी निरोप आला, की तिच्या नातवाने ऊस मोडून मिरची धरली आहे. तोवर माझ्या गुडघ्यांनी दगा दिला होता. खांब धरल्यावाचून उठता येईना, आणि ओल्या फरशीवर पाऊल टाकायची धास्ती वाटे.

"आई, दोन बाया गाडीनं पाठवतो. झालं की," माझा थोरला मोहनराव म्हणाला.

"मग उद्या माझ्या ताटावर बी त्यांनाच बसव."

माझी नात राजलक्ष्मी बारामतीला फिजिओथेरपी शिकते. ती म्हणाली, "आजी, तुला एक चिनी व्यायाम शिकवते. चीगाँग. सावकाश हालायचं, सावकाश श्वास घ्यायचा. पण रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या न्हाईत."

पाय खांद्यांइतके लांब ठेवायचे, गुडघे किंचित सैल सोडायचे. श्वास घेताना दोन्ही हात पाण्यातून वर यावेत तसे उचलायचे, सोडताना खाली आणायचे. मग अंगाचा भार या पायावरून त्या पायावर न्यायचा. पहिल्या दिवशी मी खांब धरूनच उभी राहिले, आणि पोटऱ्या थरथरू लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले.

कुंपणापलीकडून हिंदुरावांनी टोमणा मारलाच. "काकी, हवेत म्हस धुताय व्हय?"

"धुतीया. तुमी बी या. तुमच्या पोटाला जागा हाय अंगणात."

मोहनरावाला तर लोकलाज आडवी आली. "आई, चिन्यांचं कशाला? आपला योग काय कमी हाय?"

"योग थोरच हाय. पण मांडी घालून बसले तर मला उठवायला तू हाईस का घरात? आणि तुझा फवारणीचा पंप बी चिनीच न्हवं का रं? त्यानं फवारलेली मिरची बाटली का?"

मी थांबले नाही. पावसाळा सरता सरता खांब सुटला. झोप सलग लागू लागली. गोठ्यापर्यंत जाताना धाप लागेनाशी झाली. गुडघे दुखायचे पूर्ण थांबले नाहीत, मी खोटे सांगणार नाही. पण आता ते माझे ऐकू लागले होते. बारामतीच्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, आणि गोळ्या चालूच ठेवायला सांगून म्हणाले, "हा व्यायामही सोडू नका."

थंडी पडताच मी वरकुट्याला गेले. कुशाबाई बांधावर खाट टाकून बसली होती. मला पाहून तिने पदर डोळ्यांना लावला, आणि लगेच तोंड सोडले. "अगं फुलाबाई, ह्या वयात? पडलीस तर तुझी पोरं मला जेलात घालतील! मी सोडली गं ती सावड."

"सोडायला ती तुझ्या एकटीची न्हाय. सरी दाव."

मी पदर खोचला आणि सरीत शिरले. वाकताना कंबरेतून न मोडता गुडघ्यांतून खाली जायचे, भार पायांवर वाटून घ्यायचा, श्वास कोंडायचा नाही; अंगणात शिकलेले सारे आता रानात उतरले. दुपारी भाकरी खाऊन उठताना पाठ आखडली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी सरीतच पाय रोवले, डोळे मिटले आणि हात सावकाश वर नेले.

"आत्याबाईंच्या अंगात आलं की काय?" एकजण कुजबुजली.

"अंगात न्हाय, अंग माझ्या हातात येतंय," मी म्हणाले. "हसून झालं की पाटी पुढं सरकवा."

उन्हे उतरली तशी कुशाबाई खाटेवरून उठली आणि काठी टेकत माझ्या सरीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. तिने बसायला सांगितले नाही, की पाणी पुढे केले नाही. सावडीला आलेल्या बाईला अर्ध्यात थांबवू नये, हे तिलाही ठाऊक होते. शेवटच्या झाडापाशी माझा डावा पाय मातीत घसरला. बायका ओरडल्या. मी भार उजव्यावर घेतला, तोल सावरला, आणि झाड मोकळे केले.

पाटी मी स्वतः उचलून तिच्या पायाशी ठेवली. तिने हात जोडले नाहीत, मीही नाही. चारचौघींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "फुलाबाई, तुझी सावड आज फिटली."